शिबिर आणि धीर : खानदेशाच्या इतिहासातील एक प्रकरण

मे महिना जवळ आला की जळगाव, भुसावळ, धुळे या नगरांतून मुलांच्या साहसशिबिरांच्या जाहिराती दिसू लागतात. दोराच्या आधाराने कडा चढणे, पाण्यावरून झुलत पलीकडे जाणे, तंबूत निजणे, रात्री शेकोटीभोवती गाणी म्हणणे असा त्यांचा कार्यक्रम असतो; आणि या सर्वांचे फळ म्हणून एकच वस्तू देऊ केलेली असते, ती म्हणजे मुलाचा आत्मविश्वास. आईबापांस ही वस्तू हवीशी वाटावी यात नवल नाही. वर्षभर पुस्तकांत मान घालून बसलेले मूल चारचौघांत बोलताना अडखळते, अंधाऱ्या खोलीत एकटे जावयास भिते, जरा अपयश आले की कोमेजते, हे ती डोळ्यांनी पाहत असतात. आठ दिवसांत हे सारे पालटेल असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. परंतु जी गोष्ट आज पैसे मोजून आणावी लागते, ती याच प्रांतात एके काळी कशी उत्पन्न होत असे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो करणे हा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. आत्मविश्वास हा शब्द आता सर्वतोमुखी झाला असला तरी आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात तो नव्हता. त्यांचा शब्द धीर हा होता. धीर होतो, धीर सुटतो, धीर धरावा लागतो. म्हणजे धैर्य आणि वाट पाहण्याची शक्ती हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात नांदतात. शिवाय, आणि हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे, धीर देता येतो. आत्मविश्वास ज्याचा त्याने मिळवावयाचा असतो. धीर मात्र एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. मुलांच्या शिबिरांचा इतिहास वाचताना, मुलास धीर कोणी दिला, कसा दिला आणि कशासाठी दिला, हे प्रश्न सोबत ठेवले असता पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

शिबिर हा शब्द मूळचा सैन्याचा आहे. तळ, गोट, छावणी ही त्याचीच भावंडे. मुलांना घराबाहेर रानात नेऊन राहविण्याची आधुनिक पद्धत ज्या पाश्चात्त्य देशांत उदयास आली, तेथेही तिच्यामागे युद्धाची सावली होतीच. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले त्या १८६१ साली कनेक्टिकट प्रांतातील वॉशिंग्टन या गावचा शाळाचालक फ्रेडरिक गन याने आपले विद्यार्थी पायी चालवीत सुमारे चाळीस मैलांवरील समुद्रकाठी नेले व तेथे दोन आठवडे त्यांचा तळ ठोकला. सैनिकांप्रमाणे उघड्यावर राहावे ही त्या काळच्या मुलांची हौस त्याने अशा रीतीने पुरविली. तेथील उन्हाळी शिबिरांची परंपरा पुष्कळांच्या मते याच तळापासून सुरू होते. पुढे दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात, १८९९–१९०० साली, मॅफेकिंग शहरास वेढा पडला असता लहान मुलांनी निरोप पोचविण्याचे काम चोख बजाविले. ते पाहिलेल्या बेडन-पॉवेल या सेनानीने १९०७ च्या ऑगस्टात इंग्लंडातील ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यांत श्रीमंतांच्या शाळांतील मुले होती, तशीच कष्टकऱ्यांचीही होती. त्यांच्या लहान लहान तुकड्या पाडून प्रत्येक तुकडीचे नायकत्व त्याने एका मुलाकडेच सोपविले. बालवीर चळवळीचा जन्म या बेटावरचा. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, वेल्समधील ॲबरडोव्ही येथे कुर्ट हान याने जी शाळा काढली तिचे कारण याहून करुण होते. बुडालेल्या जहाजांवरील वयस्क खलाशी तगून राहतात आणि धडधाकट तरुण मात्र धीर सोडून मरतात, असे जहाजमालक लॉरेन्स होल्ट यास वाटत होते. तेव्हा तरुणांच्या अंगी टिकाव धरण्याचे बळ यावे म्हणून सुमारे चार आठवड्यांचा समुद्रावरील व डोंगरांतील शिक्षणक्रम आखण्यात आला. आजच्या साहसशिबिरांचा वंशवृक्ष पुष्कळ अंशी या शाळेपर्यंत जाऊन पोचतो.

हिंदुस्थानात बालवीर चळवळ १९०९ च्या सुमारास आली, परंतु आरंभी तिची दारे एतद्देशीय मुलांस बंद होती. ज्या संस्थेचा हेतू मुलांत स्वाभिमान उत्पन्न करावा हा, तिने मुलाचा वर्ण पाहून त्यास बाहेर ठेवावे यातील विसंगती तीव्र होती. त्यावर तोड म्हणून १९१७ साली ॲनी बेझंट यांनी मद्रासेकडे, व १९१८ साली पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेस स्वतंत्र बालवीर संघ काढले. १९२३ साली काकीनाडा येथील काँग्रेसच्या वेळी डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी हिंदुस्थानी सेवादल स्थापिले आणि कवायत, शिस्त, शिबिर ही साधने राष्ट्रकार्याकडे वळविली. १९३२ साली सरकारने त्या दलावर बंदी घातली. शिबिरात तयार होणारा धीर कोणाच्या उपयोगी पडावयाचा, हा प्रश्न राज्यकर्त्यांनाही चांगला उमगला होता असे यावरून दिसते.

आता खानदेशाकडे वळू. १९०६ साली या जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, मधून वाहणारी तापी आणि तीस मिळणाऱ्या गिरणा, बोरी, पांझरा या नद्या. काळी जमीन, कापूस, केळी आणि वैशाखातले भाजून काढणारे ऊन. या प्रांतातील बोरीकाठच्या अमळनेर गावी १९२३–२४ च्या सुमारास कोकणातील पालगडचा एक तरुण तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी तेथील तत्त्वज्ञानमंदिरात आला, आणि १९२४ साली तेथल्याच इंग्रजी शाळेत शिक्षक झाला. पुढे त्याच्याकडे शाळेच्या छात्रालयाची देखरेख आली. पांडुरंग सदाशिव साने हे त्याचे नाव. साने गुरुजी म्हणून सारा महाराष्ट्र त्यांस ओळखतो.

साहस या शब्दाने जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, त्यात गुरुजी बसत नाहीत. ते लाजाळू होते, एकान्तप्रिय होते, आणि त्यांच्या डोळ्यांस पाणी लवकर येई. परंतु मुलांना निर्भय करण्याच्या कलेत त्यांची योग्यता मोठी होती. छात्रालयात खेड्यापाड्यांतून आलेली, प्रथमच घर सोडलेली मुले असत. दहा-बारा वर्षांच्या मुलास घरावाचून काढलेली पहिली रात्र म्हणजे कड्यावरून उतरण्याहून लहान प्रसंग नव्हे. अशा मुलांस गुरुजींनी धाक घातला नाही व उपदेशाचा भडिमारही केला नाही. मुले शाळेत गेली असता ते त्यांच्या खोल्या झाडीत, अस्ताव्यस्त पडलेल्या वस्तू नीट लावून ठेवीत, कंदिलांच्या काचा पुसून ठेवीत, मळके कपडे धुऊन टाकीत. हे कोण करते ते कळल्यावर मुले ओशाळली व आपली कामे आपण करू लागली. शिवाय ‘छात्रालय’ नावाचे एक हस्तलिखित दैनिक ते स्वतः लिहून काढीत. त्यात जगाच्या वार्ता असत, थोरांच्या कथा असत, आणि छात्रालयातील लहानसहान घडामोडींचीही दखल असे. आपण ज्या लहानशा जगात राहतो त्याचीही बातमी होऊ शकते, हे ज्या मुलास रोज वाचावयास मिळते, त्याची मान आपोआप वर होते.

या पद्धतीचे मर्म असे की मुलाच्या भीतीचा येथे कोणी उपहास करीत नसे. ‘श्यामची आई’ हे पुस्तक गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात पोहण्याचा एक प्रसंग आहे. श्याम पाण्यास भितो, लपून बसतो; आई त्यास मारून विहिरीवर धाडते; आणि तो पोहून परत आल्यावर तीच आई त्याच्या अंगावरचे वळ पाहून कळवळते. आजच्या वाचकास त्यातील मार खटकेल, व तो खटकावा हेच योग्य. परंतु त्या प्रसंगात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. मोठा झालेला श्याम आपण भित्रा होतो हे लपवीत नाही. रात्री प्रार्थनेनंतर जमलेल्या मुलांना तो ते मोकळेपणाने सांगतो. ज्या मंडळीत वडील माणूस आपले भय असे उघड करू शकतो, तेथे लहानांस आपले भय दडवावे लागत नाही, आणि न दडवलेले भय निम्मे कमी झालेले असते. आजही उत्तम शिबिरात रात्रीच्या शेकोटीचे महत्त्व दिवसाच्या चढाईहून कमी नसते, ते याच कारणामुळे.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहासाठी गुरुजींनी शाळा सोडली. त्यानंतर धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक अशा तुरुंगांतून त्यांचे वास्तव्य झाले. मुलांस जे शिकविले त्याची परीक्षा शिक्षकाने स्वतः दिली, हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी पाहिले. अशा पाहण्याने जेवढा धीर येतो तेवढा कोणत्याही व्याख्यानाने येत नाही.

खानदेशाने शिबिराचे भव्य रूप पाहिले ते १९३६ च्या डिसेंबरात फैजपूर येथे. तोपर्यंत काँग्रेसची अधिवेशने शहरांत भरत असत. खेड्यात भरलेले हे पहिलेच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी बांबू आदि गावठी साधनांनी टिळकनगराची शोभा उभारली होती. गुरुजी त्याआधी गावोगाव हिंडून लोकांस जागे करीत होते. केळीच्या बागांत वसलेल्या त्या लहानशा गावी लाखावर माणूस लोटले. इतक्या माणसांस पाणी पुरविणे, वाटा दाखविणे, केरकचरा व मैला यांची व्यवस्था लावणे ही कामे शहरातून आणलेल्या नोकरांनी होण्यासारखी नव्हती. ती स्वयंसेवकांच्या अंगावर पडली, आणि त्यांत खानदेशातील शेतकऱ्यांची तरुण पोरे होती. अधिवेशनाच्या वेळी ध्वज उंच खांबावर मध्येच अडकला आणि शिरपूरकडच्या एका तरुणाने वर चढून तो मोकळा केला, ही हकीकत खानदेशात अजून सांगतात. ती ऐकताना त्या एका चढाईचे कौतुक वाटतेच. पण ज्या शेकडो मुलांनी खाली घागरी वाहिल्या व चर बुजविले, त्यांच्या पदरातही काही कमी पडले नाही. आपल्यावाचून एखादे मोठे काम अडले असते, हा अनुभव बालपणी ज्यास आला, तो जन्मभर स्वतःस कवडीमोल समजत नाही.

१९४१ च्या जून महिन्यात पुण्यास राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली. एस. एम. जोशी हे त्याचे पहिले दलप्रमुख. वेल्समधील हान यांची शाळा व पुण्यातील हे दल ही एकाच वर्षाची अपत्ये आहेत, आणि दोघांस एकमेकांची वार्ताही नसावी. सायंकाळी तासभर शाखा, तीत खेळ, कवायत, गाणी व चार विचाराच्या गोष्टी. आणि सुटीच्या दिवसांत शिबिर, असा दलाचा क्रम होता. पहाटे उठणे, श्रमदान, बौद्धिक, मैदानी खेळ, रात्री गाणी व नाटुकली यांत शिबिराचा दिवस संपे. साने गुरुजींचा जीव या मुलांत रमे. या शिबिरांचे खरे साहस कोणते, असे विचारल्यास आम्ही दोन गोष्टींकडे बोट दाखवू. एक, मुलामुलींनी एकत्र खेळावे व काम करावे हे तेथे सहज घडू लागले. दुसरी, निरनिराळ्या जातींची मुले एका पंक्तीत जेवू लागली. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले, त्या काळचा हा महाराष्ट्र आहे. दरी ओलांडणाऱ्या मुलास दोर धरलेला असतो. घरच्या शिवाशिवीच्या रिवाजाविरुद्ध जाऊन शेजाऱ्याच्या ताटास ताट लावणाऱ्या मुलास असा दोर नव्हता. रात्री घरी परतल्यावर त्यास वडिलांच्या प्रश्नास उत्तर द्यावयाचे होते.

येथवर जे लिहिले ते वाचून कोणास वाटेल की धीर जितका अधिक तितके बरे. इतिहास तसे म्हणू देत नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, त्या वेळी पश्चिम खानदेशात असलेल्या नंदुरबार गावी विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळी झाडली, आणि हातात तिरंगा घेतलेला शिरीषकुमार मेहता हा मुलगा ठार झाला. त्यास सोळावे वर्षही पुरे झालेले नव्हते. लालदास, धनसुखलाल, शशिधर व घनश्याम हे त्याचे सोबतीही त्याच दिवशी कामास आले. नंदुरबारात त्यांचे स्मारक आहे आणि त्यापुढे मान लवते. परंतु मान लवविणाऱ्या प्रौढ माणसाने एक गोष्ट मनाशी बोलली पाहिजे. मुलाचे धैर्य ही फार मोठी शक्ती आहे, आणि मोठ्या माणसांच्या हाती ती सहज सापडते. देशाच्या स्वातंत्र्यासाठी ती वेचली गेली, तशीच ती त्याच दशकात युरोपात निर्दयपणासाठीही वेचली गेली. जर्मनीतील हिटलरच्या युवक-संघटनेतही शिबिरे होती, शेकोट्या होत्या, गाणी होती आणि मुलांचे चेहरे आत्मविश्वासाने फुललेले होते. ज्या हान यांचा उल्लेख वर आला, ते यहुदी कुळातले असून हिटलरला विरोध केल्यामुळेच १९३३ साली त्यांस देश सोडावा लागला होता. सारांश, शिबिराची साधने दोन्हीकडे सारखीच असतात. मुलाचा धीर त्याच्या स्वतःच्या विचाराशी जोडला जातो की दुसऱ्याच्या हुकमाशी, एवढाच काय तो भेद. पण तोच सर्वस्व आहे. गुरुजींच्या छात्रालयात हुकूम जवळजवळ नव्हता. गुरुजींचे थोरपण आम्हांस तेथे दिसते.

आणखी एक गोष्ट खानदेशाच्या बाबतीत विसरता येत नाही. शहरातील मुलांस ज्या सातपुड्यात साहसासाठी नेतात, त्या सातपुड्यात भिल्ल, पावरा, तडवी यांची मुले जन्मापासून राहतात. मोहाची फुले वेचावयास पहाटे अंधारात निघणे, भर उन्हाळ्यात तेंदूची पाने तोडावयास आईबापांबरोबर डोंगर चढणे, ही त्यांची दिनचर्या होय. या मुलांस कड्याचे भय नाही. त्यांस भय वाटते ते कचेरीच्या दाराचे, शाळेतील परक्या भाषेचे आणि शहरी मुलाच्या हसण्याचे. म्हणजे एकाच्या साहसाचे स्थान ते दुसऱ्याचे अंगण असते. पाल किंवा तोरणमाळ येथे तंबू ठोकणाऱ्या शिबिराने पाड्यावरच्या मुलांस केवळ ओझी वाहण्यास बोलावले, तर शहरी मुलास कदाचित दोर धरता येईल. पण त्याच्या मनात शिरलेली घमेंड धीर या नावाखाली खपून जाईल. त्याच मुलांस रानाची ओळख करून देणारे शिक्षक म्हणून पुढे बसविले, तर एका रात्रीत दोघांचाही धीर वाढेल. ब्राउनसी बेटावर श्रीमंत व गरीब मुले एका तंबूत आणण्याचे शहाणपण शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी सुचले होते. ते आपणांस सुचू नये असे काही नाही.

आता पुन्हा आजच्या शिबिराकडे पाहू. ती व्यर्थ आहेत असे म्हणण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला, चाळीसगावजवळ भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेला पाटणादेवीचा परिसर, चोपड्याकडील उनपदेवचे उष्ण झरे, अशी स्थळे मुलांनी पायांनी पाहावीत हे उत्तमच. येथील मे महिन्याचा पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो. तेव्हा पहाटे चालावे, दुपार झाडाखाली घालवावी, पाणी मोजून जवळ ठेवावे, हे भान ज्या चालकास नाही त्याच्या हाती मूल देऊ नये, हे सांगावयासच नको. सुरक्षितता व धीर यांत विरोध नाही. मागे दोर पक्का आहे हे ठाऊक असल्यानेच पाऊल पुढे पडते. परंतु एवढ्याने भागत नाही. शिबिरातून आलेल्या मुलास आपण बहुधा विचारतो की तू किती उंच चढलास. त्याऐवजी असे विचारून पाहावे, की तुझ्यावर कोणते काम सोपविले होते, ते तू न करता तर कोणाचे अडले असते, आणि तुला भय वाटले ते तू कोणाजवळ बोललास. या प्रश्नांस मुलापाशी उत्तरे असली, तर ते शिबिर गुरुजींच्या छात्रालयाचे नातेवाईक आहे असे खुशाल समजावे. उत्तरे नसली, तर मुलाची आठ दिवस करमणूक झाली. तीही वाईट नव्हे, मात्र तिचे नाव वेगळे आहे.

युद्धे संपली, परकीय राज्य गेले, म्हणून मुलांस धीराची गरज उरली नाही असे होत नाही. अन्यायापुढे नाही म्हणणे, चुकीच्या घोळक्यातून एकट्याने बाजूस होणे, दुर्बळाच्या शेजारी जाऊन बसणे, यांस लागणारा धीर डोंगरकड्यावर अर्धा मिळतो. उरलेला अर्धा, ज्यांच्या हाती मूल वाढते त्या माणसांच्या वागण्यातून मिळतो. अमळनेरच्या त्या छात्रालयात मुलांच्या कंदिलाच्या काचा पुसल्या जात होत्या, त्या वेळी बाहेरून पाहणाऱ्यास तेथे साहसाचे काही चालले आहे असे मुळीच वाटले नसते. परंतु त्याच उजेडात वाढलेली पिढी पुढे निर्भय झाली, हे आपल्या प्रांताच्या इतिहासाने दाखविले आहे.